मदत हवी आहे: ग्राफिक कार्ड आत्ताच घ्यावं का नव्याची वाट बघावी? (लग्नाचं एडिटिंग, दोन मशीन)

नमस्कार मंडळी, परभणीत आपला छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, हल्ली प्री-वेडिंग पण. एडिटिंगला दोन मशीन. एक रायझन ५ ३६०० प्रोसेसरवालं, बी४५० बोर्ड, त्यात जीटीएक्स १६५० कार्ड. दुसरं आय५ १०४००एफ, त्यात १०५० टीआय, जे २०१७ पासून या मशीनमधून त्या मशीनमध्ये फिरायलंय. दोन्ही कार्डं ४ जीबीची, रॅम दोन्हीकडं १६. एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रीमियर वापरतो (कोणतं व्हर्जन ते विचारू नका).

इतके दिवस भागत होतं. यंदा दिवाळीआधी सोनीचा ए७ फोर घेतला आणि हौसेनं १० बिट ४:२:२ वर (रंगाची जास्त माहिती साठवणारं रेकॉर्डिंग) शूट केलं, कारण कलर करताना हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल फाटत नाही, खरंच फरक पडतो. पण टाइमलाइनवर टाकलं की बोंब. मंगलाष्टकाच्या क्लिपवर प्ले दाबलं तर आवाज 'शुभमंगल सावधान' म्हणून मोकळा होतो आणि चित्रात अजून अंतरपाट धरलेलाच. चार मिनिटांचा टीझर करायला भाच्याला तीन रात्री लागल्या.

आता दोन्ही मशीनला नवं कार्ड टाकायचं म्हणतोय आणि इथंच गाडी अडकली. भाचा म्हणायलाय मामा थांबा, एनव्हिडियाच्या ५० सिरीजचे सुपर (त्याच कार्डांचे वाढीव प्रकार) येणार आहेत, आले की हे स्वस्त होतील. (त्याला गेम पण खेळायचे असतेत, ते वेगळं.) दुकानदार म्हणतो आजच घ्या, उद्या भाव वाढणार. आता दुकानदार तर कायमच तसं म्हणतो, पण या वेळी रॅमचे भाव दिवाळीपासून कसे चढलेत ते आपण बघायलोच की, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलली म्हणतेत, आणि कार्डावरची मेमरी पण त्याच कंपन्या बनवितेत, मग ती कशी सुटंल?

बजेट दोन्ही मिळून ६०-६५ हजार. जास्त ताणता येत नाही, सप्टेंबरच्या पावसानं लोकांचं सोयाबीन गेलं, मागच्या सीझनची बाकी अजून अडकलेली आहे आणि मागायला तोंड होत नाही.

सेकंडहँड सुचवू नका, हात पोळलाय. २०२२ ला इथेरियमचं मायनिंग (ग्राफिक कार्डं राबवून क्रिप्टो कमवायचं काम) बंद झालं तेव्हा कार्डं स्वस्तात निघाली होती, एकाकडून आरएक्स ५८० घेतलं, 'घरीच वापरलंय' म्हणाला. पुढच्या मे महिन्यात, बाहेर ४३ डिग्री, ऐन रेंडरमध्ये स्क्रीन काळी. खोलून बघितलं तर थर्मल पॅडला भरल्या वांग्यावानी तेल सुटलेलं आणि एक फॅन हातानं पण फिरंना. फोन केला तर नंबर बंद.

तर ५० सिरीजमधले ५०६० दोन घ्यावेत, का ५०६० टीआय १६ जीबी एकच घ्यावं, का मागच्या सिरीजचं ४०६० मिळालं तर त्याच्यावर भागवावं, का उन्हाळ्यापर्यंत गप बसावं? ज्यांनी असलं फुटेज हाताळलंय त्यांनीच सांगा.

प्रतिसाद १
भाऊ, वाट कशाची बघतोस ते आधी ठरव. ३०६० आलं फेब्रुवारी २०२१ ला, ४०६० जून २०२३ ला, ५०६० मे २०२५ ला. दर खेपेला साधारण दोन वर्षं. या हिशेबानं पुढचं ६० वालं २०२७ च्या आधी येणं अवघड, आणि पहिल्यांदा महागडं कार्ड काढतात, आपल्या खिशातलं नंतर येतं. सुपरची चर्चा ५०७० आणि त्याच्या वरच्या कार्डांची चाललीय, तुझ्या बजेटशी तिचा संबंध नाही. भाच्याला सांग.

प्रतिसाद २
मी लातूरला हेच काम करतो. दादा, जुनं-नवं सोडा, तुमचा घोळ ४:२:२ चा आहे. तुमची दोन्ही कार्डं ते फुटेज उलगडूच शकत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर जातो. ४०६० घेतलं तरी तेच, त्यातही ४:२:२ चा डिकोडर नाही. एनव्हिडियानं तो ५० सिरीजमध्ये दिला आणि प्रीमियरमध्ये त्याचा सपोर्ट २०२५ च्या व्हर्जनला आला, म्हणजे ते 'विचारू नका' वालं व्हर्जन बदलावं लागंल. ४०६० चा विषय डोक्यातून काढा.

आणि एक फुकटचं: कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएस (रेकॉर्डिंगचा फॉरमॅट) लावून १० बिट ४:२:० वर, म्हणजे रंगाची माहिती थोडी कमी ठेवून, एक क्लिप काढून बघा. ते १६५० पण उचलतं. आधीच्या फुटेजला रात्री झोपताना प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी कॉपी) बनवायला लावून ठेवा.

प्रतिसाद ३
एएमडीचं ९०६० एक्सटी १६ जीबी बघितलं का? गेमला तोडीस तोड आहे, पैसे पण कमी लागतात.

प्रतिसाद ४
गेमला हो. त्यांना लग्न एडिट करायचंय, वरती ४:२:२ वाचलं नाही का. आणि दादा, ५०६० असो का टीआय, स्लॉटच्या (कार्ड बसतं ती खाच) आठच लेन, म्हणजे डेटाचे रस्ते, वापरतात. तुमचे दोन्ही बोर्ड पीसीआयई ३ वाले (जुना, कमी वेगाचा स्लॉट), त्यामुळं कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की डेटा त्या अरुंद रस्त्यानं ये-जा करत बसतो. जुन्या बोर्डला १६ जीबीचंच घ्या, एक घ्या. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किती वॅटचा आहे?

धागाकर्ता
लातूरकर दादा, तुमच्या पाया पडतो. काल ४:२:० वर भाचीच्या बारशाचं शूट केलं, १६५० वर पाळण्याचा झोका न अडकता हलला. दीड महिना उगाच झक मारली.

म्हणून ठरवलं, दोन्हीला नकोच. एकच ५०६० टीआय १६ जीबी, रायझनमध्ये. नवरा-नवरीचे महत्त्वाचे विधी ४:२:२ वर, पंगती आणि वरात ४:२:० वर. दुसरं मशीन अल्बमला राहील, फोटोशॉपला १०५० टीआय अजून चालतंय. भाचा फुगून बसलाय.

एसएमपीएस ४५० चा आहे असं स्टिकर सांगतं, पण उचलून बघितला तर खेळण्यावानी हलका. टीआय १८० वॅट खातं आणि कंपनी ६०० चा सांगते, तेव्हा तो पण बदलणार, इथं दिवसातून दोनदा लाइट जाते, त्यात जोखीम कोण घेईल. उरलेल्या पैशात तो बसतोय.

शनिवारी देवगिरीनं सिकंदराबादला जातोय, तिथल्या सीटीसीत (कॉम्प्युटरचं मार्केट) चार दुकानं फिरून पक्कं बिल घेऊन आणायचा विचार आहे. आता एकच राहिलं. कॅबिनेट जुनं आहे, हार्ड डिस्कच्या खणापर्यंत शिवणकामाच्या टेपनं मोजलं तर २६ सेंटिमीटर भरतंय. तीन फॅनवालं त्यात बसत नाही असं वाटतंय, दोन फॅनवालं परभणीच्या मे महिन्यात टिकतं का? कुणाकडं असंल तर शुक्रवारपर्यंत सांगा.