'क्लिकच झालं नाही' म्हणून स्थळ नाकारणं कितपत बरोबर?

कटिंगचहा: माझ्या मावसबहिणीने अजून एक स्थळ नाकारलं. मुलगा मुलुंडचा, स्वतःचा वन बीएचके, नोकरी चांगली, दादरला दोन तास कॉफी प्यायले आणि घरी येऊन ही म्हणते क्लिकच झालं नाही. माझं म्हणणं ही धडधड जाम फसवी असते. १९७४ मध्ये डटन आणि आर्थर आरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात कॅपिलानोच्या झुलत्या पुलावर प्रयोग केला, पुलावर एक बाई पुरुषांना गाठून प्रश्न विचारायची आणि आपला नंबर द्यायची, तर नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला आणि भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २. म्हणजे ठोके वाढले भीतीने आणि क्रेडिट गेलं बाईला! ओढ काय, सहवासाने येतेच.

गिरगावकर: १८ आणि १६ जणांवरून पोरीचं लग्न ठरवताय, धन्य आहे.
आणि तुमच्याच त्या आरनने हेलन फिशर आणि ल्युसी ब्राऊनबरोबर २००५ मध्ये नव्याने प्रेमात पडलेल्या १७ जणांचे एमआरआय काढले होते, आवडत्या माणसाचा फोटो दाखवला की मेंदूत डोपामिनवाला, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाचा, भाग कामाला लागायचा. तिथे कुठला पूल हलत होता?

कटिंगचहा: ते आधीच प्रेमात होते हो, पहिल्या कॉफीला नव्हते आलेले. आणि आकडेच हवेत तर १९८२ चा जयपूरचा अभ्यास बघा, गुप्ता आणि सिंग यांचा, लव्ह मॅरेजवाल्यांचं प्रेम वर्षं गेली तसं कमी आणि ठरवून केलेल्यांचं वाढलेलं.

परळची_पोर: जोडपी ५० होती, ते नाही सांगितलंत. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीयांना विचारलं तर दोन्हीकडे प्रेम सारखंच निघालं. आणि सहवासाने ओढ येतेच म्हणे! १९५० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या क्वार्टर्समध्ये दिसलं की ज्यांची दारं जवळ त्यांची मैत्री, ठीक, चाळीत राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पण १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका वसाहतीत तेच तपासलं तर नावडती माणसंही शेजारचीच निघाली. आमच्या सोसायटीत लीकेजवरून दोन मजले एकमेकांचं तोंड बघत नाहीत, सहवास भरपूर आहे.
बरं ते सोडा, दोन तासांत त्याने तिला विचारलं काय?

कटिंगचहा: पॅकेज किती, आणि लग्नानंतर नोकरी करणार का. पण मुलगा लाजाळू आहे.

परळची_पोर: लाजाळू माणूस पॅकेज विचारतो?? परत आरनच घ्या, १९९७. अनोळखी लोकांच्या जोड्या लावून ४५ मिनिटं एकमेकांना प्रश्न विचारायला लावले, हळूहळू जास्त खासगी होत जाणारे, आणि नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा ते जास्त जवळ आले. पाऊण तास पुरतो, समोरच्याला ऐकायचं असेल तर. याला दोन तास मिळाले होते.

ठाणे_स्लो: दोघांचंही थोडं पटतंय मला. पाऊण तासात जवळीक येते म्हणजे प्रेम होतं असं नाही, आणि पहिल्या भेटीत आईबाबांनी पढवून पाठवलेलेच प्रश्न निघतात तोंडातून, मुलींच्याही. दुसरी भेट द्यायला काय हरकत आहे?

कटिंगचहा: हेच तर म्हणतोय केव्हापासून!

परळची_पोर: देईल की. त्याने मागितली का?

कटिंगचहा: त्याच्या आईचा फोन आला होता.