मदत हवी आहे : 'सिंग स्ट्रीट'सारखे आयरिश सिनेमे सुचवा

नमस्कार मंडळी. माझा पंधरा वर्षांचा भाचा गिटार शिकतोय, म्हणून त्याच्यासोबत जॉन कार्नीचा 'सिंग स्ट्रीट' (2016) पुन्हा पाहिला. दोघंही अक्षरशः हरखून गेलो!

गोष्ट 1985 सालच्या डब्लिनमधली. घरात पैशांची चणचण, आईवडिलांची रोजची भांडणं, शाळेत फक्त काळेच बूट चालणार असा दंडक. अशात कॉनर एका मुलीला 'माझा बँड आहे, आमच्या व्हिडिओत काम करशील का?' असं विचारून बसतो. बँडचा पत्ताच नसतो, तो नंतर जमवावा लागतो. मला सगळ्यात आवडतो तो त्याचा मोठा भाऊ. रेकॉर्ड लावून धाकट्याचे कान तयार करणारा, स्वतःचं शिक्षण अर्धवट सोडून घरी बसलेला. पोरं आज जे ऐकतात, उद्या तसेच कपडे नि केस करून शाळेत येतात. हसता हसता डोळ्यांत पाणी येतं ते इथेच.

आता अडचण अशी, की कार्नीचाच 'वन्स' आणि ॲलन पार्करचा 'द कमिटमेंट्स' (1991) माझे पाहून झालेत. त्याच मातीतला, गाणी कथेतूनच उगवणारा, मुख्य म्हणजे हलकाफुलका असा आणखी कुठला सिनेमा आहे का? आईसुद्धा सोबत बसणार आहे, त्यामुळे फार शिव्या नकोत. डब्लिनचे उच्चार तिला झेपत नाहीत, तेव्हा सबटायटल्स नीट असलेला सुचवलात तर फार बरं होईल.