एकदम सगळे तुकडे करू नयेत

मोठ्या विक्री-संकेतस्थळाचा संपूर्ण फ्रंटएंड (वापरकर्त्याला दिसणारा भाग) एकाच वेळी मायक्रो-फ्रंटएंड पद्धतीने, म्हणजे वेगवेगळ्या चमूंनी स्वतंत्रपणे सांभाळायच्या तुकड्यांत, नव्याने लिहावा, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. कोल्हापुरातील आमच्या चमूने अशाच एका संकेतस्थळाचे काम करताना आधी फक्त शोधाचे पान वेगळे काढले. रिव्हर्स प्रॉक्सीवर (येणाऱ्या विनंत्या योग्य सर्व्हरकडे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरवर) तेवढ्या मार्गाच्या विनंत्या नव्या ॲप्लिकेशनकडे वळवल्या आणि बाकी सारे जुन्याकडेच राहू दिले, त्यामुळे काही बिघडले तर तो एक नियम मागे घेणे पुरेसे होते.

खरा प्रश्न सीमा कुठे आखायची हा आहे. हेडर, फूटर, बटणे असे घटक वाटण्यापेक्षा शोध, कार्ट, चेकआउट असे व्यवहार चमूंना वाटून द्यावेत, म्हणजे चपलांच्या मापांचा तक्ता बदलण्यासाठी चेकआउटवाल्यांची वाट पाहावी लागत नाही. (दिवाळीच्या तोंडावर याचे मोल कळते.)

वेबपॅक ५ (जावास्क्रिप्ट कोड एकत्र बांधणारे साधन) सोबत २०२० साली आलेले मॉड्यूल फेडरेशन, म्हणजे वेगवेगळ्या ॲप्लिकेशनचा कोड एकाच पानावर आणण्याचे तंत्र, सोयीचे आहे खरे. पण त्यात रिॲक्ट (पाने उभारण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी) सिंगलटन म्हणून, म्हणजे सर्वांना मिळून एकच प्रत, असे सामायिक ठेवले नाही, तर एकाच पानावर त्याच्या दोन प्रती उतरू शकतात, हुक्स (घटकांची स्थिती वगैरे सांभाळणारी रिॲक्टची फंक्शने) मोडतात आणि साध्या फोनवर पान जड होते. कार्टमधील नगसंख्या हेडरला कळवण्यासाठी आम्ही सामायिक स्टोअर (सर्व तुकड्यांचा एकच माहितीसाठा) टाळून ब्राउझरचे कस्टम इव्हेंट, म्हणजे आपण ठरवलेल्या नावाचे संदेश, वापरले. वेगवेगळ्या तुकड्यांच्या सीएसएसची, म्हणजे पानाच्या रूपाच्या नियमांची, टक्कर वर्गनावांना उपसर्ग लावून मिटली.

चमू एकच आणि पाच-सहा जणांचा असेल, तर मात्र मी हा खटाटोप सुचवणार नाही.