१५ जानेवारीला शो ठेवायचा आणि वर बडोदेकरांना नावं ठेवायची

दांडियाबाजारचा
त्या फिल्मवाल्या मुलांची पोस्ट परवापासून फिरतेय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, डिस्ट्रिब्युटर मिळाला नाही म्हणून स्वतःच गाडी काढली, अकरा गावं फिरले, हॉल घ्यायचा, पडदा लावायचा, फिल्म दाखवून गप्पा मारायच्या आणि जाताना डब्यात पैसे टाका म्हणायचं. इथपर्यंत कौतुकच आहे. पण दहा गावांत छान झालं आणि बडोद्यात तेवीसच माणसं आली, त्यावरून साहेबांचा निष्कर्ष असा की 'बडोद्याचा मराठी प्रेक्षक फुकटच्या नाटकाला आणि हळदीकुंकवालाच घराबाहेर पडतो'.

तारीख कोणती होती ते मात्र पोस्टमध्ये नाही. मी सांगतो. १५ जानेवारी, संध्याकाळी साडेपाच. वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, तोही पतंगांचाच! त्या वेळेला बडोद्यातला माणूस कुठे असतो हे शाळेतल्या पोराला विचारलं असतंत तरी कळलं असतं. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर असतो. बोटांना चिकटपट्ट्या, चौदा तारखेचा उरलेला उंधियू आणि शेवटच्या उजेडात शेजाऱ्याचा पतंग कापायचा. त्या दिवशी सख्खा भाऊ आला तरी लोक त्याला वर बोलावतात, स्वतः खाली उतरत नाहीत. तुमच्यासाठी तेवीस उतरले हा सत्कार समजा.

लाइटमनपण_मीच
काका, ती पोस्ट मीच लिहिली. फुकटच्या नाटकाचं वाक्य मागे घेतो, बाकीचं नाही. विचारायचं होतं म्हणता, तर विचारलं होतं. इथल्या एका मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना नोव्हेंबरात फोन केला, ते म्हणाले १५ ला हॉल रिकामा आहे, या. आता हॉल रिकामा का आहे हे मला नागपूरला बसून कसं कळणार?

आणि थिएटरात का नाही लावली हे पण लोक विचारतात. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी डिजिटल कॉपी बनवा, दर स्क्रीनला डिजिटल प्रोजेक्शनवाल्या कंपन्यांची फी भरा, गल्ल्यातला निम्मा थिएटरचा, आणि इतकं करून शो मिळतो दुपारी साडेबाराचा, तोही शुक्रवारी आहे तर सोमवारी नाही. सेन्सॉर सर्टिफिकेट आम्ही काढलंय, पोस्टर स्वतः चिकटवलेत, गाडीत झोपलोय. मग चिडायचं पण नाही का?

फतेगंज_फाइनार्ट
मी याच्या बाजूने. फाळके इथल्या कलाभवनात शिकले म्हणून आपण छाती काढून फिरतो आणि गावात कुणी स्वतः पडदा घेऊन आला की पतंगाची कारणं. फाळके तरी काय करत होते, फिल्म बैलगाडीत टाकून गावोगाव हिंडलेच ना. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला हिरो नव्हे) आणि त्याच्या ओडेसा कलेक्टिव्ह या गटाने प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिल्म दाखवल्या, लोकांकडून पैसे जमवले आणि त्यातून १९८६ साली अख्खा सिनेमा उभा केला. तिथे लोक आले. आपल्याकडे मंडळवाले विचारतात नाश्त्याला काय आहे.

दांडियाबाजारचा
फाळक्यांचं नाव काढलंस ते बरं केलंस, फार लांब नको, इथून सुरतेपर्यंत जाऊ. १९१३ चं 'राजा हरिश्चंद्र' सुरतेत लागलं तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपये. का, तर तिथे दोन आण्यात सहा तासांचं नाटक बघायला मिळायचं आणि फाळके तीन आण्यात दीड तास दाखवत होते. मग त्यांनी सुरतकर दळभद्री आहेत अशी पोस्ट टाकली का? जाहिरात बदलली. ५७,००० फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यात! सुरती माणसाला मापात किती मिळतं ते कळलं पाहिजे हे त्यांनी ओळखलं, आणि गल्ला तीनशेवर गेला. मी एवढंच म्हणतोय. गाव आधी वाचा.

लाइटमनपण_मीच
माझी फिल्म ८८ मिनिटांची आहे. किती मैल होते ते काढून कळवतो.

सूरसागरकाठी
मी त्या तेवीसांतली एक, आता मला बोलू द्या. पतंगबितंग बाजूला ठेवा, माझा गुडघा मला अगाशीवर जाऊ देत नाही म्हणून मी हॉलमध्ये गेले. साडेपाचचा शो सहाला सुरू. आमच्या सोसायटीतल्या हॉलसारख्याच लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं, त्याच्या फटीतून ऊन सरळ नायिकेच्या कपाळावर. तेही चाललं. पण आवाज! पाऊस ऐकू येतोय, कावळे ऐकू येतायत, भांडं पडलेलं ऐकू येतंय, फक्त माणसं काय बोलतायत ते नाही. मला वाटलं आर्ट फिल्म आहे, मुद्दाम असेल. शेजारच्या बाईंनी कानातलं मशीन काढून फुंकून परत घातलं.

लाइटमनपण_मीच
मावशी, ही चूक आमची, शंभर टक्के. फाइल ५.१ ची, म्हणजे सहा चॅनलच्या आवाजाची होती, संवाद मधल्या चॅनलवर असतात आणि हॉलच्या मिक्सरला वायरी दोनच, डावी आणि उजवी. मधला आवाज कुठेच गेला नाही. आम्हाला इंटरव्हलला कळलं. बाकी ठिकाणी माझा मित्र बघायचा, तो वलसाडला तापाने झोपला होता. हे पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

दांडियाबाजारचा
म्हणजे आलेल्या तेविसांना पण ऐकू नाही आलं. वा.

सूरसागरकाठी
माझं संपलं नाही. आवाज नाही तर खाली वाचावं, तर खाली इंग्रजी. माझी सून गुजराती आहे, तिला मराठी ऐकून बऱ्यापैकी कळतं पण इंग्रजी ओळ वाचेपर्यंत ती जाते. गुजराती सबटायटल का नाहीत? बडोद्यात दाखवताय ना?

आता_पुण्यात
मराठी फिल्मला गुजराती सबटायटल, आणि ते पण सयाजीरावांच्या गावात! शाब्बास. म्हणूनच मी बडोदं सोडलं. तिथली मराठी म्हणजे आवडत नाही ला 'मला गमत नाही' आणि मोरीत ला 'चोकडीत भांडी ठेव', सगळं गुजरातीतून.

सूरसागरकाठी
तुम्ही सोडलंत ते बडोद्याला गमलं. सयाजीरावांचं नाव घेताना जरा वाचून घ्या, त्यांनी राज्याचा कारभार गुजरातीत आणला, मराठी राजा असून. १९३१ साली शासनशब्दकल्पतरू हा कारभाराच्या शब्दांचा कोश काढला, त्यात एका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी सगळे शब्द शेजारी शेजारी. त्यांना चाललं, तुम्हाला एक ओळ चालत नाही.

आता_पुण्यात
विषय फिल्मचा आहे, इतिहासाचा नाही.

अलकापुरीची_आई
विषय तुम्हीच भरकटवलात. आणि मावशी, गुजराती सबटायटलनेही माझ्याकडे काम होणार नाही. माझा मुलगा इंग्लिश मीडियमचा, आजीशी मराठी, मित्रांशी गुजराती, पण गुजराती वाचायला सांगितलं की गायीसारखं बघतो. त्याला इंग्रजीच हवं.

सूरसागरकाठी
मग ही तुमची चूक, फिल्मची नाही.

अलकापुरीची_आई
माझ्या मुलाच्या शाळेची फी तुम्ही भरता का??

फतेगंज_फाइनार्ट
दोन ओळी देता येतात, वर एक खाली एक. पण फ्रेमची वाट लागते. फोटोग्राफीला पण काही मान असतो.

सूरसागरकाठी
फ्रेमवर आधीच ऊन होतं रे.

दांडियाबाजारचा
सगळ्यांनी पाणी प्या. मुद्दा सोडू नका. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन 'मंथन' काढला, आणि बघायला ट्रक भरभरून आले. आणंद इथून तासाभरावर. प्रेक्षक आधी जोडला, सिनेमा नंतर.

लाइटमनपण_मीच
काका, त्यांच्यामागे अख्खी दूध डेअरी होती. माझ्यामागे माझ्या आत्याची सेकंडहँड गाडी आहे, तिचा क्लच पण वलसाडला गेला. पण ठीक आहे, गावातला एक तरी माणूस आधी धरायला हवा होता, मंडळाचा नाही, गावातला. मान्य. पोस्टमधून बडोद्याचा परिच्छेद काढतोय.

दांडियाबाजारचा
काढू नकोस, खाली तारीख लिही, लोक आपोआप हसतील.

सूरसागरकाठी
हळदीकुंकवाला फार नावं ठेवलीस ना, तर ऐक. आमचं रथसप्तमीपर्यंत चालतं. आमच्या गल्लीतलं या रविवारी आहे, साठ-सत्तर बायका येतात, कुणालाही आमंत्रणाचं कार्ड द्यावं लागत नाही. पडदा आमच्याकडे आहे, दुहेरी बेडशीट. साडेचारला तिळगूळ, पाचला फिल्म.

लाइटमनपण_मीच
मावशी, खरंच? डबा ठेवला तर चालेल?

सूरसागरकाठी
वाणाच्या ताटाशेजारी ठेव, तिथे हात आपोआप पर्सकडे जातो.

आता_पुण्यात
वाण म्हणून गुजराती सबटायटल द्या.

दांडियाबाजारचा
पुरुषांना प्रवेश आहे का?

सूरसागरकाठी
खुर्च्या उचलायला आहे. आणि तू रे, या वेळी आवाज घेऊन ये.