‘रायपेरियन बफर’ला मराठीत काय म्हणावं? ‘तटीय हरितपट्टा’ परत आला आहे

रानजाई
ओढे, नद्या आणि तळी यांच्या काठची झाडी-गवत राखण्याबद्दल निरनिराळ्या देशांचे कायदे काय सांगतात, अशा एका टिपणाचा अनुवाद करते आहे. मूळ शब्द आहे ‘व्हेजिटेटेड रायपेरियन बफर’. मी ‘तटीय हरितपट्टा’ असं लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी समासात दोन शेरे लिहून पाठवले : ‘समुद्र कुठून आला?’ आणि ‘इथे बाग करायची आहे का?’ दोन्ही बरोबर आहेत. तटीय म्हटलं की आता वाचणाऱ्याला समुद्र दिसतो आणि हरितपट्टा म्हटलं की नगररचनेचा नकाशा.

‘वनस्पतिआच्छादित नदीतीरीय संरक्षक पट्टा’ असंही करून पाहिलं. पण हा शब्द एकेका परिच्छेदात चार-चार वेळा येतो, तिथे एवढं लांबण लावता येत नाही. शिवाय नुसती नदी नाही, ओढा आणि तळंही त्यात यायला हवं. सुचवा.

निरुक्त
‘तट’ समुद्राला देऊन का टाकायचा? संस्कृतात तट म्हणजे उतार, काठ, मग तो कुठल्याही पाण्याचा असो. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, प्रवाहात न उतरलेला. एवढा सुंदर शब्द आपण रोज वापरतो आणि तट म्हणजे समुद्रच असं मान्य करतो, हे मला पटत नाही. ‘जलतटीय’ करा. नदी, ओढा, तळं सगळं आलं.

सरळसोट
निरुक्त, बोलताना ‘तट’ कधी येतो ते पाहा. किल्ल्याचा तट, तटबंदी, नाहीतर गावात दोन तट पडले. ओढ्याच्या तटावर म्हैस बांधली असं कुणी म्हणत नाही. ‘बफर’ राहू द्या. वाघांच्या जंगलात ‘कोअर’चं गाभा झालं, ‘बफर’ मात्र तसाच राहिला आणि सगळ्यांना कळतो. कळणारा शब्द काढून न कळणारा घालणं ही भाषेची सेवा नव्हे.

थडीकर
थडी! आमची आजी ‘थडीला शेळ्या नेऊ नको’ म्हणायची, तेव्हा तिला पाण्याची कड म्हणायची नसायची. पाण्यापासून वर शेताच्या बांधापर्यंतचा सगळा झाडोरा म्हणजे थडी. करंज, वाळा, लव्हाळी, सगळं त्यात. हेच मी एकदा बोलता बोलता म्हटलं तर एका सहकाऱ्याने मला ठामपणे सांगितलं की थडी म्हणजे फक्त पलीकडचा काठ, कारण पैलथडी. ते मला आजही लागून राहिलं आहे. पैलथडी आहे तशी ऐलथडीही आहे, आणि भीमथडी, गंगथडी हे तर अख्खे मुलूख आहेत. एका बाजूच्या काठाला मुलखाचं नाव कसं पडेल?

रानजाई
थडी मलाही आवडतो. पण तुमचाच पुरावा आडवा येतो. भीमथडी म्हणजे कोसच्या कोस प्रदेश. माझ्या टिपणातला पट्टा कुठे ५ मीटर, कुठे ३० मीटर. आणि तळ्याची थडी कुणी म्हणतं का?

थडीकर
तळ्याची नाही ऐकली. मान्य.

ओघळ
मी माती-पाण्याच्या कामात आहे, म्हणून शब्दाआधी वस्तूकडे पाहू या. हा पट्टा काय करतो? शेतातून पाणी पातळ थराने वाहत येतं, ते दाट गवतात शिरलं की मंदावतं आणि गाळ तिथेच बसतो. फॉस्फरस बराचसा मातीच्या कणांना चिकटून येतो, तोही गाळाबरोबर थांबतो. नायट्रेटचं तसं नाही. ते विरघळून जमिनीखालून झिरपत येतं. त्याला थांबवायला खोल मुळं लागतात आणि ओलसर माती लागते. तिथले जीवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. झाडं असतील तर सावलीने पाणी थंड राहतं आणि मुळं दरड धरून ठेवतात.

म्हणून ‘हरित’ हा शब्द इथे मला सर्वांत जास्त खटकतो. मका उभा असतानाही शेत हिरवंच असतं! अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या २०१५च्या कायद्यात बहुवर्षायू वनस्पतीच हवी अशी अट आहे. सार्वजनिक पाण्याच्या काठी सरासरी ५० फूट, कमीत कमी ३० फूट. त्यातलं गवत कापायला किंवा चारायला हरकत नाही, पण नांगर फिरवायचा नाही. जर्मनीने २०२०मध्ये जलकायद्यात कलम घातलं, की पाण्याला लागून असलेली शेतजमीन २० मीटरच्या आत सरासरी ५ टक्के किंवा जास्त उताराची असेल तर काठचे ५ मीटर वर्षभर सलग वनस्पतींनी झाकलेले हवेत. ‘वर्षभर’ आणि ‘सलग’, सगळं मर्म या दोन शब्दांत आहे. रंगात काही नाही.

सरळसोट
मग ‘गाळणी पट्टा’ म्हणा की. काम नावातच आलं.

ओघळ
नको. गाळणी म्हटलं की माणूस समजतो, सगळं त्यातूनच जातं. प्रत्यक्षात पाणी पातळ थराने आलं तरच गवत काम करतं. शेतात एकदा घळ पडली की पाणी एका धारेने येतं आणि पट्टा चिरून निघून जातं. जिथे शेताखालून निचऱ्याचे पाइप घातलेत तिथे नायट्रेटचं पाणी पट्ट्याच्या खालून थेट ओढ्यात पडतं, वर गवत कितीही राखा. नाव ‘गाळणी’ ठेवलं तर पट्टा राखला म्हणजे पाणी शुद्ध झालं अशी समजूत होते. या समजुतीशी मी कामात रोज झगडतो.

काठपदर
साधा ‘काठ’ का कुणी घेत नाही? सगळे काठाला रेघ समजून चालले आहेत. साडीचा काठ रेघ असते का? त्याला रुंदी असते. चार बोटांचा काठ, वीतभर काठ. तो वस्त्राचाच विणलेला भाग असतो आणि कडा उसवू नये म्हणून दाट विणलेला असतो. पाण्याच्या काठालाही नेमकं हेच लागू पडतं. ‘काठ राखणे’, ‘राखीव काठ’, ‘१० मीटरचा काठ’. नदीकाठ, ओढ्याकाठ, तळ्याकाठ सगळं सहज जुळतं. रानजाई, तुमची तळ्याची अडचणही सुटली.

रानजाई
काठपदर, हे वाचून थांबून विचार केला. ‘वीतभर काठ’ इतका उघड आहे आणि मला सुचला नाही.

भूमापक
सुंदर आहे, पण मोजणीत यानेच घोळ होईल. काठ रुंद असेल तर तो मोजायचा कुठून? हा प्रश्न हवेतला नाही. ब्राझीलच्या वनकायद्यात १९८९च्या दुरुस्तीपासून हा पट्टा नदीच्या ‘सर्वांत उंच पातळीपासून’ मोजायचा होता. २०१२च्या नव्या कायद्यात तो ‘नेहमीच्या पात्राच्या कडेपासून’ झाला. रुंदीचे आकडे कागदावर तेच : १० मीटरपर्यंतच्या प्रवाहाला ३० मीटर, ६०० मीटरहून रुंद नदीला ५०० मीटर. पण ॲमेझॉनच्या खोऱ्यात पुराची पातळी नेहमीपेक्षा कितीतरी मीटर वर चढते आणि सपाट रान पाण्याखाली जातं. तिथे फीत कुठे टेकवायची ते बदललं की अख्खा पट्टा पूर येणाऱ्या रानातच पडतो आणि त्यापलीकडची जमीन मोकळी होते. आकडा न बदलता संरक्षण कमी झालं, फक्त शब्द बदलून.

मिनेसोटात दरडीच्या माथ्यापासून मोजतात, आणि ठळक दरड नसेल तिथे नेहमीच्या पाणीपातळीच्या कडेपासून. जर्मनीत मध्यम पाणीपातळीची रेषा धरतात, पण दरडीची वरची कड ठळक असेल तर तिथून. म्हणजे अनुवादात तीन वेगळे शब्द पक्के हवेत : पाण्याची कड, दरडीचा माथा आणि तिथून पुढचा पट्टा. तिन्हींना ‘काठ’ म्हटलं तर कायदा वाचताच येणार नाही.

काठपदर
म्हणून तर म्हणते, पाण्याला ‘कड’, उभ्या मातीला ‘दरड’ आणि पुढच्या रुंदीला ‘काठ’. तिन्ही शब्द घरचे आहेत.

सरळसोट
‘दरड’ आता फक्त कोसळते. बातम्यांनी तो शब्द डोंगराला देऊन टाकला. नदीची दरड म्हटलं तर नव्या वाचकाला भूस्खलन वाटेल.

थडीकर
वाटू द्या, दोनदा वाचलं की कळेल. ‘दरडीवरून पाण्यात उडी मारली’ हे आम्ही पोरं रोज म्हणत होतो. शब्द मेलेला नाही, तुमच्या वर्तमानपत्राने नेलाय.

निरुक्त
काठ या शब्दाबद्दल एक. तो संस्कृत ‘कण्ठ’ यावरून आला असं मी मानतो. कण्ठाचा एक अर्थ शेजार, सान्निध्य असा आहे. ‘उपकण्ठ’ म्हणजे जवळचा भाग. गुजरातीत ‘कांठो’ आहे, त्यात अनुस्वार टिकला आहे. तेव्हा काठ म्हणजे मुळातच रेघ नव्हे, पाण्याच्या गळ्यालगतची जागा. काठपदर यांचं म्हणणं व्युत्पत्तीलाही धरून आहे.

भूमापक
मला लहानपणी शिकवलं होतं की काठीने मोजतात तो काठ.

निरुक्त
नाही. काठी ‘काष्ठ’वरून. दोन्ही शब्द वेगळ्या घरचे.

रानजाई
काठी निघालीच आहे तर माझी दुसरी अडचण. मिनेसोटात सार्वजनिक निचऱ्याच्या चरांना १६.५ फुटांचा पट्टा आहे. हा साडेसोळा कुठून आला ते मला कळेना. मग लक्षात आलं, तो बरोबर एक ‘रॉड’ आहे, जमीनमोजणीचं जुनं माप. टिपणात पुढे एके ठिकाणी नुसतं ‘वन-रॉड ग्रास स्ट्रिप’ लिहिलंय. मी मोहाने ‘एक काठी गवतपट्टा’ लिहिलं, कारण आपल्याकडेही काठी हे जमिनीचं मापच होतं.

भूमापक
ते खोडा! आपली काठी पाच हात पाच मुठींची, रॉडपेक्षा बरीच आखूड. २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा. शब्द जुळला म्हणून माप जुळत नाही. ‘साडेसोळा फुटांचा’ लिहा, किंवा ‘रॉड’ तसाच ठेवा.

रानजाई
खोडलं. धन्यवाद.

निरुक्त
‘रायपेरियन’च्या मुळाशीही लॅटिन ‘रिपा’ म्हणजे काठच आहे. त्याच कुळातून फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘रिव्हर’ आला. म्हणजे त्यांच्या नदीचं नावच काठावरून पडलं. ‘अराइव्ह’ म्हणजे मुळात काठाला लागणं. आणि ‘रायव्हल’ हा ‘रिव्हस’ म्हणजे ओहोळावरून, एकाच ओहोळाचं पाणी वापरणारे दोघे.

ओघळ
हे शेवटचं माहीत नव्हतं, आणि फार खरं आहे. हे कायदे अडतात ते नेमके तिथेच. काठ ज्याच्या जमिनीत आहे त्याचं पीक जातं आणि स्वच्छ पाणी खालच्याला मिळतं. डेन्मार्कने २०१२ साली १० मीटरचा सक्तीचा पट्टा आणला, पुढे तो ९ मीटरवर आला आणि २०१६ साली कायदाच मागे घेतला गेला. पट्टा निरुपयोगी होता म्हणून नव्हे, ज्यांची जमीन त्यात गेली त्यांचा विरोध मोठा होता. म्हणून मला ‘बफर’पेक्षा ‘राखीव’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. कुणीतरी काहीतरी राखतं आहे, हे त्यात दिसतं.

सरळसोट
‘राखीव’ म्हटलं की लोक आधी विचारतील, कुणासाठी राखीव?

ओघळ
विचारू दे. तोच प्रश्न विचारला पाहिजे.

काठपदर
ब्राझीलचा विषय निघाला म्हणून : तिथे काठच्या रानाला ‘माता सिलियार’ म्हणतात. माता म्हणजे रान, आणि सिलियार हे पापणीच्या केसांवरून. डोळ्याला जशा पापण्या, तसं पाण्याला हे रान. असा शब्द आपल्याकडे असता तर कायद्यातलं कलम लोकांनी आपणहून पाळलं असतं.

सरळसोट
काठपदर, ब्राझीलमध्ये हा शब्द होता आणि तरीही तिथे मोजायची जागा बदललीच. शब्दावर एवढं ओझं टाकू नका.

काठपदर
ओझं टाकत नाही. पण ‘वनस्पतिआच्छादित प्रतिरोधक क्षेत्र’ वाचून कुणाला तरी आपल्या ओढ्यावरचा वाळा आठवेल का? थडीकरांना ‘थडी’ म्हटल्याबरोबर करंज आणि लव्हाळी आठवली. हा फरक मला लहान वाटत नाही.

निरुक्त
तरी पारिभाषिक शब्दाला विशेषण, नाम, क्रियापद सगळी रूपं लागतात. ‘काठ’वरून विशेषण काय कराल? ‘काठीय’? तटीय होतं, तीरस्थ होतं. संस्कृताची सोय अशी सोडता येत नाही.

थडीकर
‘काठचा’, ‘काठची’, ‘काठचे’. झालं विशेषण. काठची झाडं, काठची जमीन, काठचे हक्क. मराठीला ‘-ईय’ लावल्याशिवाय चालता येत नाही असं कुणी ठरवलं?

रानजाई
सध्या पहिल्या प्रकरणात ‘राखीव काठ’ घातलं आहे आणि पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे रायपेरियन बफर’ असं जोडलं आहे. व्हेजिटेटेडसाठी जिथे झाडं आहेत तिथे ‘झाडोऱ्याचा’, जिथे नुसतं गवत आहे तिथे ‘गवताचा’. ओघळ यांच्यामुळे ‘हरित’ सगळीकडून काढला. तपासणाऱ्या बाई काय म्हणतात ते कळवते. पण भूमापकांच्या यादीत एक जागा रिकामी राहिली आहे. नदीला दरड आहे, तळ्याला काय? मूळ इंग्रजीत तिथेही ‘बँक’च लिहिलंय.

थडीकर
पाळ! तळ्याची पाळ, विहिरीची पाळ.

भूमापक
पाळ घातलेली असते, माणसाने बांधलेली. आपोआप झालेल्या तळ्याला पाळ नसते. तिथे जमीन हळूहळू पाण्यात उतरत जाते, माथा असा सापडतच नाही. तळ्याला सरळ ‘नेहमीच्या पाणीपातळीची कड’ धरा.

थडीकर
आमच्याकडे न बांधलेल्या तळ्यालाही पाळच म्हणायचे.

निरुक्त
‘पाळ’ हा ‘पालि’वरून, अर्थ कड. कानाची पाळी तीच. बांधलेली असलीच पाहिजे असं मूळ शब्दात काही नाही.

भूमापक
मोजणी मूळ शब्दावर होत नाही. पावसाळ्यात ज्या तळ्याची कड चाळीस पावलं पुढे सरकते, तिथे तुम्ही पाळ कुठे धराल ते सांगा.