अनुभव धागा – कारखान्यातली मुलाखत: पहिली छाप कशाने पडते?

मंडळी, आयटीआय आणि डिप्लोमाचे निकाल लागले की चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव इथल्या गेटांवर मुलाखतीच्या रांगा लागतात. मुलांना मिळणारा सल्ला मात्र बहुतेक ऑफिसातल्या नोकरीचा असतो: टाय, हस्तांदोलन, फाडफाड इंग्रजी. जे मुलाखती घेतात, ट्रेड टेस्ट (हाताने काम करून दाखवायची चाचणी) लावतात किंवा मुलांना तयार करतात त्यांनी इथे लिहावं. आत्मचरित्र नको. तुम्ही काय बघता, मुलं कुठे अडकतात आणि का, तेवढं नेमकं लिहा.

टूलरूम_भोसरी

आमच्याकडे खुर्चीवर बसवून विचारायच्या आधी टेबलावर एक ग्राइंडिंग केलेली पिन आणि 0–25 मिलिमीटरचा मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) ठेवलेला असतो. "माप घे" एवढंच सांगतो. पुढच्या दोन मिनिटांत मत बनतं, आणि ते आकड्यावरून कमी, हातावरून जास्त.

बरोबर क्रम असा. आधी ॲनव्हिल (स्थिर टोक) आणि स्पिंडल (सरकणारं टोक) यांची तोंडं स्वच्छ फडक्याने पुसायची. रॅचेटने (टोकाच्या टिकटिकणाऱ्या मुठीने) बंद करून शून्य जुळतं का बघायचं; जुळत नसेल तर तसं बोलून दाखवायचं. मग पिन पुसायची, फ्रेम धरायची आणि रॅचेटचे दोन-तीन टिकटिक आवाज येईपर्यंतच फिरवायचं. थिंबल (आकडे असलेली फिरती नळी) धरून आवळणारा मुलगा तिथेच मागे पडतो, कारण दाब वाढला की माप कमी येतं.

वाचताना सगळ्यात मोठी चूक अर्ध्या मिलिमीटरच्या रेषेची. पिच (एका फेऱ्यात स्पिंडल सरकतो ते अंतर) 0.5 आहे, थिंबलवर 50 भाग आहेत, म्हणून लघुतम माप, म्हणजे वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.01. अर्ध्याची रेषा उघडी पडलेली दिसली नाही तर 12.87 चं 12.37 होतं. अर्धा मिलिमीटर चुकला म्हणजे जॉब भंगारात. माप सांगताना "मिलिमीटर" म्हणा. काम झालं की दोन तोंडांत थोडी फट ठेवून मायक्रोमीटर पेटीत ठेवा. ते न सांगता करणारा मुलगा शिकवलेला आहे हे लगेच कळतं.

फिटर निदेशक

वरच्या मुद्द्याला जोडून. व्हर्निअर कॅलिपरचं लघुतम माप विचारलं तर सगळे "0.02" म्हणतात. पुढचा प्रश्न "कसं?" असतो आणि तिथे शांतता पसरते. मुख्य पट्टीचे 49 मिलिमीटर व्हर्निअरवर 50 भागांत वाटलेले असतात, म्हणून एक भाग 0.98, आणि फरक 0.02. हे कागदावर रेघा मारून दाखवता आलं पाहिजे.

टॅपचं (भोकात आटे पाडायच्या हत्याराचं) ड्रिलही हमखास विचारतात. एम 8 (8 मिलिमीटरचा आटा) ला पिच 1.25, म्हणून 8 वजा 1.25 म्हणजे 6.75, प्रत्यक्षात 6.8 चं ड्रिल. एम 10 ला 8.5, एम 6 ला 5. एम 8 ला कुणी "साडेसहा" म्हणालं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे अडकून तुटलेला टॅप येतो.

"स्वतःबद्दल सांग" याला साठ ते नव्वद सेकंद पुरतात. ट्रेड, संस्था, वर्ष. कोणत्या मशीनवर हात बसलाय. एखादा जॉब, त्याचं मटेरियल आणि टॉलरन्ससकट (मापात चालणाऱ्या फरकासकट). ॲप्रेंटिसशिप कुठल्या विभागात केली. "मेल-फिमेल फिटिंग केलं, माइल्ड स्टील, 0.04 च्या आत बसवलं, चौकोनाचा कोपरा आधी 3 च्या ड्रिलने रिलीफ केला" असं एक वाक्य छंदांच्या अख्ख्या यादीला भारी पडतं. वडील काय करतात, भावंडं किती, हे विचारल्याशिवाय सांगू नये.

ड्रॉइंग हातात दिलं तर लगेच मापांवर उडी नको. आधी टायटल ब्लॉक: रिव्हिजन नंबर, मटेरियल, जनरल टॉलरन्स, प्रोजेक्शनची खूण (वस्तूच्या बाजू कागदावर कोणत्या पद्धतीने मांडल्यात ते). आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं, पण परदेशी ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगल असू शकतं, आणि मग डावं-उजवं उलटं होतं. 25 एच 7 म्हणजे भोक 25.000 ते 25.021, एवढं तोंडावर असावं.

एचआर_वाळूज

आमच्या बाजूने छाप गेटवरच पडायला लागते. एकाच कंपनीचे दोन-तीन प्लांट असतात. कॉल लेटरवरचा प्लॉट किंवा गट नंबर न बघता मुलं भलत्याच गेटवर उभी राहतात. गेट पास, आधारची नोंद, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, बॅगेची तपासणी यात अर्धा तास सहज जातो. म्हणून दिलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी गेटवर या. सिक्युरिटीशी हुज्जत घालणाऱ्याची गोष्ट आमच्यापर्यंत येते, आणि ती आम्ही मनावर घेतो.

कागद: मूळ प्रती एका फोल्डरमध्ये, स्वतः सही केलेल्या झेरॉक्सचे दोन संच वेगळे. वरून खाली असे लावा – कॉल लेटर, आधार, दहावीचं गुणपत्रक, आयटीआयची गुणपत्रकं आणि ट्रेड सर्टिफिकेट, ॲप्रेंटिसशिप झाली असेल तर त्याचं प्रमाणपत्र, बँक पासबुकचं पहिलं पान, चार फोटो. आधी कुठे पीएफ कापला गेला असेल तर यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) नंबर लिहून आणा.

सगळ्यात जास्त वेळ नावातल्या फरकाने जातो. दहावीच्या सनदेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, किंवा लग्नानंतर आडनाव बदललेलं. त्यामुळे पीएफचं केवायसी (ओळखीची पडताळणी) अडतं आणि रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जाते. मुलाखतीआधीच आधार दुरुस्त करून घ्या. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

मधली रिकामी वर्षं लपवू नका. शेतावर पंप दुरुस्त केले, गॅरेजमध्ये काम केलं, तर तेच सांगा. आम्हाला ते उपयोगाचं वाटतं.

वीजतंत्री_63

इलेक्ट्रिशियनला पहिला प्रश्न ठरलेला: "मोटर गुणगुणते, फिरत नाही. काय करशील?" बरीच मुलं थेट "कपॅसिटर" म्हणतात, पण तो सिंगल फेज मोटरला असतो. अरे, थ्री फेज मोटर आहे का ते आधी विचारा! थ्री फेज असेल तर पहिला संशय एक फेज गेल्याचा. स्टार्टर लगेच बंद, नाहीतर वाइंडिंग जळेल. मग येणाऱ्या तिन्ही फेजचं व्होल्टेज, फ्यूज, काँटॅक्टरचे काँटॅक्ट, शेवटी टर्मिनल बॉक्स.

या उत्तराच्या मध्ये सुरक्षिततेची वाक्यं स्वतःहून आली पाहिजेत: टर्मिनल बॉक्स उघडण्याआधी सप्लाय बंद, आयसोलेटरला (सप्लाय तोडणाऱ्या स्विचला) कुलूप आणि टॅग, मल्टिमीटर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग बंद जागी, आणि पुन्हा चालू सप्लायवर. हा शेवटचा टप्पा फार थोडे सांगतात. मीटर मध्येच बिघडला असेल तर "शून्य" दिसणं जिवावर बेतू शकतं.

स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा) का, याला "करंट कमी होतो" हे अर्धं उत्तर झालं. लाइन करंट एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही एक तृतीयांशच मिळतो, म्हणून सुरुवातीलाच जड भार असेल तर चालत नाही. ओव्हरलोड रिले (जास्त करंट आला की मोटर बंद करणारा) डेल्टाच्या आत असेल तर तो फुल लोड करंटच्या 0.58 पट लावायचा.

वेल्डशॉप

आमचं थोडक्यात. 3.15 मिलिमीटरचा 6013 नंबरचा वेल्डिंग रॉड, करंट साधारण 90 ते 130 ॲम्पिअरमध्ये, आधी भंगार पट्टीवर एक रेघ मारून सेट करा. चाचणीचा तुकडा मिळाल्यावर आधी गंज-तेल साफ करा, टॅक (तात्पुरते टाके) मारा, मग रन (सलग वेल्ड). स्लॅग (वेल्डवरचा कडक थर) झाडताना काच उचलून डोळ्यांवर काहीच न ठेवणाऱ्याला मी पुढे नेत नाही. साधा सेफ्टी चष्मा लागतोच. 7018 नंबरचा रॉड कोरडा लागतो, म्हणून तो दिला तर "रॉड ओव्हनमधला आहे का?" एवढं विचारा. त्या एका प्रश्नाने छाप पडते.

सीएनसी_सेटर

जी कोड (मशीनला द्यायचे हुकूम) पाठ असतात, पण ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) विचारला की गोंधळ. लेथवर बाहेरचा व्यास 0.04 जास्त आला, वेअर ऑफसेट किती? एक्स अक्ष व्यासात चालतो, म्हणून उणे 0.04. "अर्धा, 0.02" हे उत्तर सर्रास येतं.

कपड्यांबद्दल: पूर्ण बाह्यांचा शर्ट खोचलेला, बंद बूट. शॉपमध्ये नेणार असतील तर अंगठी, कडं, घड्याळ, मनगटातला गंडा दोरा आधीच काढून खिशात ठेवा, ओढणी पिनने नीट बसवा, केस बांधा. फिरत्या मशीनजवळ हातमोजेही नकोत.

फिटर निदेशक

सीएनसी_सेटर, गंड्याबद्दल थोडं वेगळं मत. काही मुलांना तो काढणं जड जातं, घरून सांगितलेलं असतं. त्यांनी दंडावर, शर्टच्या आत घट्ट बांधावा.

आणि भाषेबद्दल कुणी लिहिलं नाही. "मराठीत सांगू का?" असं सुरुवातीलाच विचारावं, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, परप्रांतीय मॅनेजर असेल तर हिंदी चालते. येत नसेल त्या प्रश्नाला "हे मशीन मी चालवलेलं नाही, पण त्याच तत्त्वावरचं अमुक चालवलंय" असं सांगा. ठोकून दिलेलं उत्तर पुढच्या दोन प्रश्नांत उघडं पडतं आणि मग आधीची बरोबर उत्तरंही संशयात जातात.

एचआर_वाळूज

शेवटी "काही विचारायचंय का?" म्हटल्यावर मान हलवू नका. हे विचारा: कंपनीच्या रोलवर (पगारपटावर) की कंत्राटदाराच्या? हातात किती, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापून? शिफ्टच्या वेळा काय, बस कुठून सुटते? ट्रेनिंग किती महिने, त्यानंतर काय? असं विचारणारा मुलगा टिकणार, असं आम्ही धरतो. युनिफॉर्म, मेडिकल किंवा "डिपॉझिट" म्हणून कुणी गेटबाहेर पैसे मागितले तर देऊ नका. थेट प्लांटच्या एचआरकडे चौकशी करा.