अन्ननलिकेचा कर्करोग : नुसती एंडोस्कोपी पुरत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की खेड्यापाड्यात एंडोस्कोपीची (तोंडातून दुर्बीण घालून करायच्या तपासणीची) शिबिरं घेतली की अन्ननलिकेचा कर्करोग लवकर सापडेल. खरी अडचण अशी की सुरुवातीची विकृती, म्हणजे पेशींत कर्करोगाकडे जाणारा बिघाड, साध्या प्रकाशात बरेचदा दिसतच नाही. चीनच्या हेनान प्रांतातल्या लिनशियानमध्ये २२५ जणांवर केलेला, १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. तीव्र विकृती किंवा कर्करोग असलेल्यांपैकी ६२ टक्क्यांमध्येच तो साध्या तपासणीत दिसला. आयोडीन फवारल्यावर ९६ टक्क्यांमध्ये.

निरोगी पेशींत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं, ते आयोडीनने तपकिरी होतं. बिघडलेल्या पेशींत ते कमी, म्हणून तो भाग फिकट राहतो. आधी पाण्याने चिकट स्राव धुवायचा, नाहीतर रंग धड बसत नाही. मग सुमारे १.२ टक्के ल्युगॉल (म्हणजे आयोडीनचं) द्रावण जठराच्या तोंडापासून वर येत फवारायचं, एक-दोन मिनिटं थांबायचं आणि फिकट डागांची बायोप्सी (तपासणीसाठी छोटा तुकडा) घ्यायची. सूज किंवा दुर्बिणीचा ओरखडाही फिकट दिसतो, त्यामुळे नाहक बायोप्स्या वाढतात. हे तुकडे तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची सोय नसेल तर हे सुरूच करू नये असं माझं ठाम मत आहे.

शेवटी उरलेलं द्रावण ओढून आयोडीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट फवारलं की आयोडीनमुळे होणारी छातीतली जळजळ बरीच कमी होते. आयोडीनची ॲलर्जी आणि थायरॉइडचा विकार मात्र आधीच विचारायचा.